बोथट टोक

एलिस राडेमाखरला बोथट वस्तू बघवत नसे. चौतीस वर्षं त्यानं नांगराचे फाळ बनवणाऱ्या कारखान्यात हत्यारांना धार लावली होती, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती खोड गेली नव्हती. घरच्या सुऱ्या, शेजाऱ्यांच्या कात्र्या, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरातलं जे जे पातं हाताला लागेल ते. त्याची बायको लव्हॉन पाहुण्यांना आधीच बजावून ठेवायची, "जपून हं. आमच्याकडे लोणी लावायच्या सुरीनंसुद्धा बोट कापतं."

निवृत्तीनंतर त्यानं मेटल डिटेक्टर घेतला. हॉकिन्स बेंडसारख्या नदीकाठच्या गावात साठीच्या माणसाला करायला फार काही नसतं, आणि लव्हॉननंच सांगितलं होतं, की दिवसभर माझ्या पायात घुटमळू नकोस. मग तो बागेत, शाळेच्या जुन्या मैदानावर, विचारून घेऊन लोकांच्या अंगणात जाऊ लागला. कानाला हेडफोन लावून ते तबकडीसारखं चक्र हिरवळीवरून हळूहळू फिरवायचं, टुण्ण वाजलं की थांबायचं.

पण यंत्र फक्त एवढंच सांगतं, की इथं काहीतरी आहे. नेमकं कुठं, किती खोल, ते सांगत नाही. तिथं फावडं घातलं तर लोकांच्या हिरवळीला खड्डा पडतो, आठवड्यात तिथलं गवत पिवळं होतं, आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. म्हणून हे यंत्र वापरणारे लोक टोचणी ठेवतात. मूठ बसवलेली बारीक सळई. ती जमिनीत हलकेच घालायची, टेकली की थांबायचं, मग बाजूनं मातीला चीर देऊन नाणं वर उचलायचं आणि गवत पुन्हा दाबून टाकायचं. काम नीट झालं तर घरमालकालासुद्धा जागा सापडत नाही.

एलिसनं आपली टोचणी एका लांब स्क्रू-ड्रायव्हरची केली होती. पोलादी. आणि तिचं टोक त्यानं सवयीनं घासून घासून इतकं अणकुचीदार केलं होतं, की लव्हॉन तिला दाभण म्हणायची.

नाणी शोधणाऱ्यांची मंडळी महिन्याच्या पहिल्या शनिवारी बागेतल्या छपराखाली जमत. त्यांचा म्होरक्या क्लीटस प्रुइट, पंचाहत्तरीचा, जन्मभर गावात टपाल वाटलेला. त्यानं ते दाभण हातात घेऊन उन्हाकडे धरलं.

"हे काय आहे, एलिस? डुक्कर मारायचंय का?"

"ऑगस्टात जमीन विटेसारखी होते. टोक नसेल तर आत कसं जाणार?"

"टोचणीनं जमिनीला विचारायचं असतं बाबा, भोसकायचं नसतं. घास ते टोक. गोल कर."

"क्लीटस, तू जन्मभर पाकिटं वाटलीस. पोलादातलं तुला काय कळतंय?"

"पोलादातलं नाही कळत," क्लीटस म्हणाला. "पण कुणाच्या दारावर किती जोरात थाप मारायची, ते कळतं."

सगळे हसले. एलिसही हसला, आणि दाभण पुन्हा कमरेच्या म्यानात घालून घरी आला.

हे एकोणऐंशी सालातलं. त्याच ऑगस्टात दोन घरं पलीकडच्या हुल्डा ब्रांडवोल्डबाईंचा फोन आला.

"एलिस, पोरा, ते तुझं टुणटुण यंत्र घेऊन ये."

एलिस एकसष्ट वर्षांचा होता, पण बाईंनी त्याला चड्डी सावरत कुंपणावरून सफरचंदं चोरताना पाहिलेलं, तेव्हा पोरा म्हणायचा हक्क त्यांचाच. त्या ब्याऐंशीच्या होत्या. नवरा निल्स जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घर विकलं गेलं होतं, आणि सप्टेंबरच्या मध्यावर त्या तळ्याकाठच्या वृद्धनिवासात जाणार होत्या. व्हरांड्यात खोकी रचलेली होती, आणि त्यांच्या मधोमध बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"इथून मी एक डाइम फेकला होता," त्या बोटानं दाखवत म्हणाल्या. "त्या लिलाकच्या झुडपाकडे. तो शोधून दे मला."

"कधी फेकलात?"

"एकोणीसशे एकोणीसच्या जूनमध्ये."

"साठ वर्षं झाली, मिसेस ब्रांडवोल्ड!"

"मला मोजता येतं, एलिस." त्यांनी मांडीवरची शाल नीट केली. "दहा सेंटचं नाणं, चांदीचं. एका बाजूचं चित्र घासून गुळगुळीत केलंय आणि त्यावर दोन अक्षरं कोरलीत. असे करून घ्यायचे पूर्वी लोक, प्रेमाची खूण म्हणून."

"कुठली अक्षरं?"

"पहिलं एम." बाई थांबल्या. "दुसरं सापडल्यावर बघू."

तीन दुपारी एलिस त्या झुडपाभोवती फिरला. पाऊस नसल्यानं गवत करपलं होतं आणि जमीन तव्यासारखी वाजत होती. बाटल्यांची बुचं निघाली, घोड्याच्या खोगिराचं बक्कल निघालं, बाजाच्या पेटीतली एक पितळी पट्टी निघाली, सात पेनी निघाल्या. बाई व्हरांड्यातून विचारायच्या, "काय रे?" आणि तो हात हलवून नाही म्हणायचा.

तिसऱ्या दुपारी तीनच्या सुमारास, झुडपापासून दोन पावलांवर, कानात स्वच्छ गोड आवाज आला. चांदीचा आवाज वेगळाच असतो, ओळखू येतो. एलिस गुडघ्यांवर बसला. दाभण टेकवलं. जात नव्हतं. त्यानं तळहात मुठीवर ठेवून अंगाचा भार दिला. दाभण एकदम चार बोटं आत गेलं, कशावर तरी आदळलं आणि घसरलं.

चर्र.

तो आवाज कानाला आलाच नाही, तळहाताला आला. चौतीस वर्षं धातूवर धातू घासणाऱ्या हाताला तो काय होता ते सांगावं लागत नव्हतं. एलिसनं हेडफोन काढले. मग माती बाजूला केली, नाणं काढलं, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. चांदी अजून उजळ होती. वेलबुट्टीत गुंफलेला एक सुरेख एम. त्याच्या शेजारी दुसरं अक्षर, आणि त्या अक्षराच्या खालच्या अर्ध्या भागावरून आडवा गेलेला ताजा, पांढराशुभ्र ओरखडा. चांदी उपटून कडेला सरकली होती. अक्षर काय होतं ते कळत नव्हतं.

व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. बाई आत जरा आडव्या झाल्या होत्या. एलिसनं नाणं रुमालात गुंडाळून खिशात घातलं, गवत दाबलं. जाळीच्या दाराशी जाऊन हाक मारली, "मिसेस ब्रांडवोल्ड, आज नाही मिळालं."

"बरं रे," आतून आवाज आला. "उद्या ये."

उद्या तो गेला नाही. परवाही नाही. गुडघा धरलाय, असा निरोप त्यानं लव्हॉनकरवी पाठवला आणि स्वतः गॅरेजमध्ये जाऊन बसला.

पहिल्यांदा त्यानं दाभणाचं टोक धार लावायच्या चाकावर धरून उडवलं. मग कानशीनं गोल केलं, मग बारीक काचकागदानं घासून हरभऱ्यासारखं गुळगुळीत केलं. एका जुन्या पेनीवर ते टेकवून दाबलं. भिंग लावून पाहिलं तर तरीही ठसा होताच. पोलाद ते पोलाद. टोक गेलं तरी नाण्यापेक्षा कडकच.

मग त्यानं पितळेची सळई घेतली. ती बारीक होती, कोरड्या मातीत वाकली. तिच्याहून जाड घेतली, लेथवर टोक गोल केलं. ही वाकली नाही. मग मासेमारीच्या मोडक्या काठीतला काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, तुकडा कापून त्याची एक केली. ती नाण्याला अजिबात इजा करत नव्हती, पण कडक जमिनीत नाचायची. मऊ, कुंडीतल्यासारख्या मातीत मात्र झकास. लांब सळई हेलकावते आणि हाताला धड काही सांगत नाही, आखूड नेमकं सांगते, हेही ध्यानात आलं. मुठींचंही तेच. कानशीची मूठ अरुंद, तळहातात रुतते. टेबलाच्या खणाची गोल लाकडी मूठ उत्तम, कारण हात आपोआप सैल राहतो.

बागेतली माती त्यानं एका पेटीत भरली. तिच्यात पेनी पुरल्या, खडे पुरले, मुळांचे तुकडे, बाटलीची बुचं. मग तोंड भिंतीकडे करून टोचत बसायचा. खडा असला की कोपरापर्यंत खरखर येते. मूळ असलं की सळई जराशी परत ढकलली जाते. बूच पोकळ लागतं, कुरकुरतं. आणि नाणं असलं की टक्. टेबलावर नख टेकवावं तसं. सपाट, शांत. पण ते ऐकायचं तर हात हलका हवा. दाबलं की सगळं सारखंच लागतं. चौतीस वर्षं त्याचा हात दाबायलाच शिकला होता.

आठव्या दिवशी दुपारी लव्हॉन कॉफी घेऊन गॅरेजमध्ये आली आणि भिंतीला ओळीनं टेकवलेल्या सळया मोजू लागली.

"अकरा. आता कुणाचे डोळे फोडायचे राहिलेत?"

एलिस हातातली सळई घासत राहिला.

"आणि गुडघा धरलेला माणूस आठ दिवस फरशीवर उकिडवा बसतो, हेही नवीनच." तिनं कॉफी ठेवली, खोक्यावर बसली. "काय करून ठेवलंयस?"

एलिसनं खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. लव्हॉननं नाणं उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं.

"अगं आई गं," ती हळूच म्हणाली.

"मी त्यांना सांगणारच होतो. आधी म्हटलं, असं पुन्हा कधी होऊ नये म्हणून..."

"एलिस, त्या बाईंची निघायची वेळ आली. तू बारावी सळई घासत बसशील आणि त्या इथं नसतील."

"काय तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं आज नाही मिळालं म्हणालास, त्याच. ऊठ. हात धू."

बाई व्हरांड्यात घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. एलिस पायरीवर उभा राहिला. टोपी काढली. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: नाणं आठ दिवसांपूर्वीच सापडलं, त्यानं खोटं सांगितलं, टोकदार सळई वापरू नको असं क्लीटस प्रुइटनं बजावलं होतं, आणि त्यानं ऐकलं नाही.

बाईंनी शेंगांचं पातेलं खाली ठेवलं. चष्मा पुसला. नाणं तळहातावर घेतलं. एमवरून अंगठा फिरवला. मग पुढच्या अक्षरावर आल्या आणि अंगठा तिथंच थांबला.

"हे काय आहे? आर की बी?"

"तेच मी मोडलं, मिसेस ब्रांडवोल्ड."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची घरघर गावाबाहेर जाईपर्यंत ऐकू येत होती.

"बस," त्या अखेरीस म्हणाल्या. "उभा राहू नकोस असा, माझी मान दुखते."

एलिस पायरीवर बसला.

"निल्सनं हा माझ्या हातात दिला, इथंच. तेव्हा हे माझ्या वडिलांचं घर होतं. बोलला काहीच नाही. निल्सकडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून बादली ओढायची. मी दिव्याकडे धरला, तर एम! माझं नाव हुल्डा. आणि त्याच वसंतात कोठारात झालेल्या नाचात तो मेबल रस्कबरोबर दोनदा नाचला होता. अख्ख्या गावानं पाहिलं होतं. मला वाटलं, मेबलसाठी करून घेतला, तिनं नाकारला, आता तिची उष्टी भेट माझ्या गळ्यात. दुसरं अक्षर वाचायला थांबलेच नाही. फेकला."

"आणि तो?"

"उभा राहिला. निघून गेला. रविवारी पुन्हा आला आणि दुपारभर या गवतात गुडघ्यांवर रांगत होता. मी वरच्या खिडकीत पडद्याआड बसले होते. म्हटलं, शोध, शोध तुझ्या मेबलला." बाईंनी नाणं मुठीत मिटलं. "मिळाला नाही. ऑक्टोबरात अंगठी घेऊन आला, मी हो म्हटलं. एक्कावन्न वर्षं संसार झाला. तो डाइमबद्दल कधी बोलला नाही, मीही नाही."

"मग आता कशाला..."

"लग्नाला तीन वर्षं झाल्यावर त्याच्या वडिलांचं बायबल आमच्याकडे आलं. पहिल्या पानावर आईचं नाव. मारित. मारित ब्रांडवोल्ड. निल्स सहा वर्षांचा असताना गेली." त्यांनी एलिसकडे पाहिलं. "आलं लक्षात? आर असेल तर मेबल रस्क. आणि बी असेल तर..."

एलिसच्या लक्षात आलं. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. आर आणि बी, दोन्हींचं डोकं सारखंच. फरक असतो तो फक्त खाली. बीचं पोट मिटतं, आरचा पाय बाहेर पडतो. आणि नेमक्या त्याच जागेवरून त्याचं दाभण गेलं होतं.

"विचारलं का नाही त्यांना?"

"काय विचारू? तुझ्या मेलेल्या आईची खूण मी गवतात भिरकावली का रे, असं? उद्या विचारू, उद्या विचारू म्हणत राहिले. मध्ये पूर आला, अंगणात तीन-चार बोटं गाळ बसला. वाटलं, आता तो डाइमच नाही, तर विचारून काय करायचं. मग निल्सच गेला."

एलिस खाली मान घालून बसला होता. पण त्याच्या डोक्यात चौतीस वर्षांचं काम हळूहळू जागं होत होतं. कोरणारा माणूस धातू कापून बाहेर काढतो. त्याची रेघ खोल असते, तिचा तळ स्वच्छ असतो. घसरलेलं टोक धातू नुसता नांगरतं आणि कडेला लोटतं. ते वरवरचं.

"मिसेस ब्रांडवोल्ड, हा मला दोन दिवस देता?"

"आता आणखी काय करायचं बाकी आहे त्याचं?"

"काही करणार नाही. हात लावणार नाही. फक्त बघणार."

बाईंची मूठ लवकर उघडली नाही. मग त्यांनी नाणं त्याच्या हातावर ठेवलं. "साठ वर्षं मातीनं सांभाळला, दोन दिवस तू सांभाळ. ते दाभण मात्र घरी ठेव."

कारखान्याच्या तपासणी खोलीत रोंडा शिमान्स्की होती. एलिस असताना नवखी होती, आता त्या खोलीची मुख्य झाली होती. त्याला दारात बघून ती ओरडली, "या, या! इथं रोज तुझं नाव निघतं. नव्या पोरांनी धार लावलेली हत्यारं मी परत पाठवते, आणि ती म्हणतात, हा एलिस कोण राक्षस होता?"

"रोंडा, तुझं सूक्ष्मदर्शक हवंय. दहा मिनिटं."

त्यानं नाणं मऊ कापडावर ठेवलं, स्वतःच भिंगाला डोळा लावला. दिवा वरून असताना ओरखड्याची चमक सगळं गिळून टाकत होती. त्यानं दिवा खाली आणला, अगदी आडवा, नाण्याच्या कडेला. सावल्या पडल्या. ओरखडा उथळ ओहोळासारखा दिसू लागला. आणि त्याच्या तळाशी, त्याच्याही खाली, एक काळसर गोलाई.

त्यानं लगेच डोळा काढला. त्याला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं होतं, आणि म्हणून त्याचा स्वतःवर भरवसा बसेना. आपण लावलेली धार आपणच पास करायची नाही, हा या खोलीचा जुना नियम.

"तू बघ," तो म्हणाला. "त्या दुसऱ्या अक्षराचं जे दिसेल ते कागदावर काढ. मी काही सांगणार नाही, तूही विचारू नकोस."

रोंडानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती भिंगाकडे वाकली. एक डोळा भिंगाला, एक हात कागदावर. तिची पेन्सिल थांबत थांबत चालली होती. एकदा तिनं नाणं कापडासकट फिरवून दुसऱ्या बाजूनं उजेड घेतला. पुन्हा पाहिलं. रेघ पुरी केली.

"हे घे. खाली पोट आहे, मिटलेलं. टोकाला आत वळून एक बारकं पान काढलंय. कसबी माणूस होता कोरणारा."

"बाहेर पाय नाही? आरसारखा?"

"नाही. पाय असता तर ओरखड्याच्या पलीकडे कुठंतरी बाहेर पडला असता. तिथं चांदी कोरी आहे." तिनं पेन्सिल कानामागे खोचली. "बी आहे एलिस. दुसरं काही असूच शकत नाही. कुणाचं आहे हे?"

"एका बाईंच्या सासूचं," एलिस म्हणाला, आणि त्यानं नाणं रुमालात गुंडाळलं.

रोंडाचा कागद त्यानं हुल्डाबाईंच्या हातात दिला तेव्हा लव्हॉनही बरोबर होती. तिनं रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री करून आणली होती आणि ती कुठं ठेवावी हे न कळून ती खोक्यांमध्ये तशीच उभी होती. एलिसनं आडवा दिवा, ओरखड्याखालची रेघ, सगळं सांगितलं, आणि आपण आधी काही न सांगता दुसऱ्याकडून कसं काढून घेतलं तेही.

बाईंनी कागद पाहिला. नाणं पाहिलं. कागद मांडीवर ठेवला.

"म्हणजे तो त्या रविवारी आईला शोधत होता," त्या म्हणाल्या.

लव्हॉननं पेस्ट्री खोक्यावर ठेवली आणि ती त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन बसली. बाई रडल्या, पण फार नाही. मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"गाढव कुठला! एक शब्द! 'आईचा आहे' एवढे दोन शब्द बोलला असता तर त्याची जीभ झडणार होती?" त्यांनी नाक पुसलं. "आणि मी एक. मला तरी तोंड कुठं नव्हतं? दोन गाढवं, एका गोठ्यात, एक्कावन्न वर्षं."

"गोठा चांगला होता पण," लव्हॉन म्हणाली. "आम्हांला रस्त्यावरून हसणं ऐकू यायचं तुमचं."

"हो," बाई म्हणाल्या. "गोठा चांगला होता." आणि मग एलिसला, "कापशील का ती पेस्ट्री, की तुझ्या सुऱ्याही आता बोथट केल्यास?"

त्या रविवारी चर्चहून येताना त्यांनी लव्हॉनला दफनभूमीपाशी गाडी थांबवायला सांगितली. काठी टेकत एकट्याच आत गेल्या. एलिस आणि लव्हॉन गाडीत बसून राहिले. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मायलेकांना, दोघांनाही सांगितलं," आणि दार लावून घेतलं.

निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी एलिसला त्याच्या सगळ्या सळया आणायला लावल्या. हिरवळीच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या आणि एकेक हातात घेऊन बघू लागल्या. बाईंची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली. पोलादी सळई त्यांनी हातात घेतलीच नाही. बारकी मूठ त्यांच्याकडून धरवेना. सरतेशेवटी जाड पितळेची, आखूड, खणाची गोल मूठ असलेली त्यांना बसली.

"ही. आता कळू दे मला, तुला नेमकं काय लागतं खाली ते."

एलिसनं पाणी शिंपडून माती जरा सैल केली आणि बाईंना पाठ फिरवायला सांगून खुर्चीपाशी एक पेनी पुरली. बाई वाकून टोचू लागल्या. "हा खडा." पुन्हा. "हे लिलाकचं मूळ, मला ओळखतं ते." पुन्हा, आणि पुन्हा. एलिस सांगत होता, "दाबू नका. नुसतं सोडा. वजन सळईचं, तुमचं नाही." आणि मग त्या थांबल्या. सळई किंचित उचलून पुन्हा टेकवली.

"हेच?"

"हेच."

"इतकं हळू?"

"इतकंच हळू, मिसेस ब्रांडवोल्ड."

बाईंनी ती सळई परत दिली नाही. शालीबरोबर पिशवीत टाकली.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी एलिस बागेतल्या छपराखाली सगळ्यांसमोर उभा राहिला आणि बाईंचं नाव न घेता घडलेलं सांगितलं, आठ दिवसांच्या खोटेपणासकट. कुणी हसलं नाही. मग त्यानं उरलेल्या सळया बाकावर मांडल्या. ज्याला हवी त्यानं हाताला लागेल ती घ्यावी. कडक जमिनीला जाड पितळ, मऊ मातीला काचतंतू. आणि घेण्याआधी टोक नखावरून ओढून बघावं, रेघ उठली तर परत द्यावी. क्लीटसनं एक उचलली, नखावर ओढली, नख उन्हाकडे धरून बराच वेळ तपासलं.

"चालेल," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीसुद्धा एकदा एक नासवलं होतं. कुणाला सांगितलं नाही कधी."

त्याच महिन्यात एका सकाळी वृद्धनिवासातून फोन आला.

"एलिस, पोरा, यंत्र घेऊन ये. इथं एक ओल्गा आहे, तिची अंगठी फुलांच्या वाफ्यात पडली. फुलांचे कंद लावत होती. मी माझ्या सळईनं बघितलं, पण इथल्या बाया मला गुडघ्यांवर बसू देत नाहीत."

"माती कशी आहे तिथली?"

"काळी. भुसभुशीत. केकसारखी."

एलिसनं गॅरेजमध्ये जाऊन काचतंतूची सळई काढली, टोक नखावरून ओढून पाहिलं आणि गाडीत ठेवली. तळ्याकाठी पोचला तेव्हा वाफ्याभोवती पाच खुर्च्या मांडलेल्या होत्या, पाचही भरलेल्या. मधल्या खुर्चीत हुल्डाबाई, गळ्यात साखळीत डाइम, हातात काठी.

"हा माझा शेजारी," त्या बाकीच्यांना सांगत होत्या. "हात बरा आहे त्याचा. ए पोरा, तिकडून नको, ओल्गा डावखुरी आहे. इकडून सुरू कर."

एलिस टोपी मागं सारून गुडघ्यांवर बसला आणि त्यानं इकडून सुरू केलं.